एकवीस घड्याळं आणि एक सही

वाचकाचं पत्र, थोडक्यात : नाशिकजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभाग सांभाळणारे ४७ वर्षांचे गृहस्थ. पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी अकरावीत. सहा वर्षांपूर्वी वडिलांचं बंद पडलेलं एचएमटी जनता त्यांनी दुरुस्तीला नेलं. तिथे शेजारीच एक जुनं ओमेगा उघडून ठेवलेलं दिसलं आणि नाद लागला. आज त्यांच्याकडे २१ जुनी मनगटी घड्याळं आहेत. घरी त्यातली सात माहीत आहेत, उरलेली चौदा कारखान्यातल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद असतात. आतापर्यंत साडेसहा लाख रुपये गेले, बहुतेक बोनस आणि इन्सेंटिव्हचे. आता मुंबईच्या एका विक्रेत्याकडे १९६६ सालचं सोन्याचं ओमेगा कॉन्स्टेलेशन आलं आहे. 'अत्यंत दुर्मीळ, अगदी नव्यासारखं', किंमत ३ लाख ८० हजार. विक्रेता दोन आठवडे थांबायला तयार आहे. तेवढे पैसे मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या एफडीत आहेत, पण ती दोघांच्या नावावर असल्याने मुदतीआधी मोडायला पत्नीची सही लागते. ते लिहितात, 'पॉल न्यूमनचं रोलेक्स पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. चांगल्या जुन्या घड्याळाचा भाव कधी उतरत नाही. एफडीपेक्षा ही गुंतवणूक सरस आहे. पण तिच्या लेखी घड्याळ म्हणजे वेळ बघायची वस्तू. तिला कसं पटवून देऊ?' आणि ताजा कलम : 'ड्रॉवरमधलं माझं फेवर ल्युबा सी चीफ दिवसाला आठ-दहा मिनिटं पुढे पळतंय. दोनदा सर्व्हिसिंग केलं, उपयोग नाही. तुमच्या मामांचं घड्याळाचं दुकान होतं असं तुम्ही एकदा लिहिलं होतं, म्हणून विचारतो.'

नमस्कार.

आधी एक कबुली देते. कॉन्स्टेलेशनचं नाव वाचून मलाही ते हातात घेऊन बघावंसं वाटलं. मामांच्या दुकानात सांगलीत मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाळेत होते. डायल सपाट नसते, पालथ्या परातीसारखी कडेला उतरत जाते. म्हणूनच तिला पाय-पॅन, म्हणजे 'पाय' नावाचा इंग्रजी पदार्थ भाजायचं ताट, म्हणतात. मागच्या झाकणावर एक वेधशाळा कोरलेली आणि तिच्यावर आठ चांदण्या. मामांनी मला त्या भिंगातून मोजायला लावल्या होत्या. आत तांबूस झाक असलेलं मशीन. तेव्हा 'हे असलं वेड कशाला' असं मी तुम्हाला विचारणार नाही. तुम्ही यंत्रातला माणूस आहात, साठ वर्षांपूर्वीचं यंत्र अजून नीट चालतं याचं तुम्हाला अप्रूप वाटणारच.

पण तुमच्या पत्रात हे अप्रूप फक्त पहिल्या दोन ओळींत आहे. नंतर सगळा हिशेब. मला शंका येते की वहिनींना पटवायच्या आधी तुम्ही स्वतःलाच पटवत आहात.

हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याच्यापासून सुरुवात करू, कारण हा दाखला माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रत्येक पत्रात असतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरला गेलं, हे खरं. रुपयांत तेव्हा शंभर कोटींच्या वर. गंमत म्हणजे ही डेटोना नवी असताना फारशी खपत नव्हती. आणि एवढा भाव नुसत्या डेटोनाला आला नाही, तो त्या एका नगाला आला. ते घड्याळ न्यूमनला त्याच्या बायकोने, जोअ‍ॅन वुडवर्डने, दिलं होतं. नवरा मोटारींच्या शर्यतीत उतरायला लागला होता म्हणून तिने मागे कोरून घेतलं होतं, 'गाडी जपून चालव. मी.' तुमच्या दाखल्यातलं घड्याळ बायकोपासून लपवलेलं नव्हतं, एवढंच नोंदवते आणि पुढे जाते.

'भाव कधी उतरत नाही' हे मात्र सोडून द्या. करोनाच्या काळात घड्याळांचे भाव चढले आणि २०२२ पासून दोन-एक वर्षं घसरले. वरच्या भावात घेतलेल्यांचे हात पोळले. शिवाय एफडी मोडायची तर बँकेच्या काउंटरवर अर्धा तास लागतो. कॉन्स्टेलेशन मोडायचं तर गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि तुम्हाला ३ लाख ८० हजारांना विकणारा तोच विक्रेता उद्या ते तुमच्याकडून किती कमीत घेईल, हे त्याला आजच फोन करून विचारा. उत्तर ऐकायच्या आधी खुर्चीत बसा. दर काही वर्षांनी सर्व्हिसिंग लागेल, सुटे भाग मिळेनासे होत चाललेत, आणि घड्याळ व्याज देत नाही.

'दुर्मीळ' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. कॉन्स्टेलेशन १९५२ मध्ये आलं आणि साठच्या दशकात ओमेगाने ती हजारोंनी बनवली. सोन्याची तुलनेने कमी, स्टीलची आणि सोन्याचा पत्रा चढवलेली जास्त. जुनं, भारी, देखणं हे सगळं खरं. पण एक हुकलं तर सहा महिन्यांत दुसरं समोर येतं. दोन आठवड्यांची मुदत घड्याळाची नाही, विक्रेत्याची आहे.

आता 'नव्यासारखं'. या एका शब्दाने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली.

मामांच्या दुकानाच्या पाटीवर 'ओव्हरऑइलिंग करून मिळेल' असं लिहिलेलं होतं. शब्द खरा ओव्हरहॉलिंग, पण आमच्याकडे सगळे ओव्हरऑइलिंगच म्हणत, मामासुद्धा. काचेच्या कपाटात बामच्या रिकाम्या बाटल्या, त्यांत काटे, स्क्रू, किल्ल्या. लग्नसराईत गर्दी व्हायची. जावयाला घड्याळ द्यायची पद्धत होती, आणि नवं परवडत नसलं की सासरे आपलं स्वतःचं घेऊन यायचे, 'जरा नवंकोरं करून द्या'. मामा डायल काढून मुंबईला पाठवायचे. पंधरा दिवसांत ती पांढरीशुभ्र होऊन, नव्याने अक्षरं छापून परत यायची. कधी मूळची रुपेरी डायल निळी होऊन यायची, कारण मुलाला निळा आवडायचा. यात फसवणूक कुणाचीच नव्हती. आपल्या देशात जुनी स्विस घड्याळं भरपूर आहेत. फेवर ल्युबा मुंबईत १८६५ पासून, वेस्ट एंड १८८६ पासून, आणि पुढे ओमेगा, रोलेक्स. ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, आणि वापरली गेली म्हणून अशी रंगवलीही गेली. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि कौतुकाने म्हणत नाहीत.

साठ वर्षं कुणाच्या तरी मनगटावर घामात, पावसात राहिलेलं घड्याळ आज नव्यासारखं दिसत असेल, तर ते कुणीतरी नवं केलेलं असण्याची शक्यता जास्त. अपवाद असतात, पण अपवाद सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची. डायलचे जवळून, तिरप्या उजेडात काढलेले फोटो मागा. मूळ छपाईतली अक्षरं भिंगाखालीही धारदार दिसतात. नव्याने छापलेली जाड, थोडी पसरलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, तळाशी 'स्विस मेड' सरकलेलं असतं किंवा गायबच असतं. पाय-पॅनचे ते उताराचे कोन लाखेच्या थराखाली बोथट होतात. पट्टा अडकवायचे चार पाय बघा, वारंवार पॉलिश मारून त्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतात. झाकण उघडून घ्या. आत त्या काळातलं ५५१, ५६१ किंवा ५६४ क्रमांकाचं मशीन हवं. अठरा कॅरेटचं असेल तर झाकणाच्या आत ०.७५० आणि हेल्वेशियाच्या, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, मस्तकाचा बारीक छाप असतो. तिथे खारीचा छाप दिसला तर ते चौदा कॅरेट. आणि बिलावर मशीनचा नंबर आणि 'डायल मूळ, न रंगवलेली' हे शब्द लिहून मागा. लिहायला का-कू केली, तर दोन आठवड्यांचा प्रश्न तिथेच मिटला.

एवढं करूनही माणूस फसतो, हेही सांगायला हवं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाच्या लिलावात १९५७ सालच्या पद्धतीचं एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेणारी खुद्द ओमेगा कंपनी, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून उभं केलेलं होतं, आणि तिचं म्हणणं असं की त्यात तिचेच काही माजी कर्मचारी सामील होते. ज्यांनी घड्याळ बनवलं त्यांची ही गत. तुम्ही फोनवर आलेल्या चार फोटोंवर मुलीच्या कॉलेजचं पहिलं वर्ष पणाला लावताय.

तेव्हा माझं मत सरळ आहे. हे घड्याळ, या पैशातून, घेऊ नका.

वहिनींचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, कारण तो या घड्याळाचा कधी नव्हताच. तुम्ही लिहिता, तिच्या लेखी घड्याळ म्हणजे वेळ बघायची वस्तू. हे तिने कधी म्हटलंय, की तुम्ही ठरवलंय? चौदा घड्याळं तिने पाहिलेलीच नाहीत. जी सात पाहिलीत, त्यातल्या एकाचं तरी झाकण उघडून आतलं चक्र तुम्ही तिला दाखवलंत का? मला वाटतं, तिला कळत नाही असं मानणं तुमच्या सोयीचं आहे. कळत नाही म्हटलं की सांगायला नको, आणि सांगितलं नाही की चौदाची वीस करायला मोकळे.

दोघांच्या नावावर एफडी करताना तुम्ही एक शब्द दिला होता. सही लागते हा बँकेचा अडथळा नाही, तो तुमचाच शब्द आहे. आता तुम्ही मला विचारताय की तो मोडायला तिलाच कसं राजी करू, तेही साडेसहा लाखांची गोष्ट तिला माहीत नसताना. अपुरी माहिती देऊन घेतलेली सही उद्या तिला कळेल तेव्हा घड्याळांपेक्षा महाग पडेल.

हे तुम्हालाच लागू नाही. नाणी, फाउंटन पेनं, कॅमेऱ्याच्या लेन्स, अशा लपवलेल्या संग्रहांची पत्रं मला नेहमी येतात. एका बाईंनी तर नऊ पैठण्या माहेरच्या कपाटात ठेवल्या होत्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, 'माझ्या कमाईतून केलंय'. बोनस तुमचाच होता, मान्य. पण मग लपवलंत का, याचं उत्तर त्यात नाही.

लपवलेल्या वस्तूचं आणखी एक होतं. उद्या तुम्हाला काही झालं, होऊ नये पण होतं, तर कारखान्यातून एक खोका घरी येईल. त्यात चौदा घड्याळं, कुठलं काय, कितीचं, काहीच लिहिलेलं नाही. वहिनी काय करतील? पितळी-स्टीलची कुणा ओळखीच्याला देतील, सोन्याचं सराफाकडे नेतील. सराफ मशीन काढून बाजूला ठेवेल आणि बाहेरचं सोन्याचं कवच वजनकाट्यावर टाकेल. कितीतरी चांगल्या घड्याळांचा शेवट असाच झालाय, मामांकडे नुसती मशीनं येऊन पडायची. चोरी झाली तरी तेच. ज्याची घरी नोंद नाही, त्याचा विमा काय उतरवणार आणि दावा कुणाकडे करणार?

म्हणून आधी एक वही करा. साधी दोनशे पानी. एका घड्याळाला दोन पानं : कुणाकडून, कधी, कितीला, डायल मूळ की रंगवलेली, मशीनचा नंबर, सर्व्हिसिंग कधी. खर्चाची बेरीज शेवटी करू नका, पहिल्याच पानावर करा. ती साडेसहाहून जास्त निघेल असा माझा अंदाज आहे, कारण पट्टे, काचा आणि कुरिअर कुणी मोजत नाही.

मग एका रविवारी चौदाही घरी आणा आणि टेबलावर मांडा. वही बाजूला. आधी रक्कम सांगा, मग घड्याळं दाखवा. उलटं केलंत तर ते विक्रेत्याच्या चालीचं होईल. 'गुंतवणूक' हा शब्द त्या दिवशी तोंडातून काढू नका. त्या चिडतील. कदाचित चिडणारही नाहीत, उठून कपडे वाळत घालायला जातील, ते जास्त अवघड असतं. त्याच संध्याकाळी क्षमा मिळावी अशी अपेक्षा ठेवू नका. आणि भरपाई म्हणून त्यांना लेडीज ओमेगा आणून द्यायचा विचार मनात आला असेल, तर कृपा करून तो आत्ताच काढून टाका.

कॉन्स्टेलेशन हवंच असेल, तर त्याचाही रस्ता आहे. एकवीसपैकी सात-आठ विकायला काढा. ज्यांना तुम्ही वर्षभर किल्ली दिली नाही ती तुम्हाला माहीतच आहेत. विकून काय हातात आलं ते वहीत खरेदीच्या आकड्यासमोर लिहा. ही खरी गुंतवणूक आहे की नाही, हे मला विचारण्यापेक्षा त्या दोन आकड्यांना विचारा. सात-आठ विकून एक चांगलं घेणं यात संग्रह लहान होतो पण सुधारतो, आणि एफडीला हात लागत नाही. दरमहा ठरावीक रक्कम या छंदाला, ती दोघांनी मिळून ठरवलेली, त्यावर एक रुपया नाही. ती रक्कम वहिनी शून्य म्हणाल्या तर काही महिने शून्य. तुमच्याकडे अजून तेरा-चौदा घड्याळं असतील, उपाशी राहणार नाही.

घरी आणताना एक काळजी घ्या. चाळीस-पन्नासच्या दशकातलं, आकड्यांवर तपकिरी पडलेला चमकीचा रंग असलेलं एखादं असेल, तर तो रंग रेडियमचा असू शकतो. आपण अजून कुठल्याही चमकणाऱ्या स्टिकरला रेडियम म्हणतो, हे मात्र खरोखरचं. चमक जाते कारण रेडियमसोबतचं रसायन थकतं. रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. काच लावलेलं घड्याळ कपाटात असायला हरकत नाही, पण ते जेवणाच्या टेबलावर उघडू नका, रंग खरवडू नका, आणि मुलीला उघडायला देऊ नका. दुरुस्तीला देताना दुकानदारालाही सांगा. मामांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता ताजा कलम. दोनदा साफ करूनही घड्याळ अचानक दिवसाला आठ-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं, तर बहुतेक वेळा हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आलेलं असतं. केसाएवढ्या त्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची लांबी कमी झाल्यासारखी होते आणि बॅलन्स, म्हणजे आतलं झोके घेणारं चाक, भरभर हलतो. मुलीच्या कंपासपेटीजवळ जुनं होकायंत्र असेल तर ते चालत्या घड्याळावर धरा, सुई थरथरली किंवा वळली की समजा. आणि हे कुठून आलं असेल ते मेंटेनन्सवाल्या माणसाला मी काय सांगू? मोटारी, वेल्डिंग सेट, मॅग्नेटिक चक यांच्यामध्ये असलेल्या टेबलाचा ड्रॉवर. घरातल्या कपाटात असतं तर पळालं नसतं. डीमॅग्नेटाइज करायला दुकानात मिनिटभर लागतं, पैसेही फारसे घेत नाहीत. उरलेली तेराही त्याच दिवशी तपासून घ्या, आणि तिथून सरळ घरी न्या.